राहीबाईचं रगात पास झालं

राहीबाई पहिल्यांदा माझ्या उपकेंद्रात आली ती माझी परीक्षा घ्यायलाच. दारात उभी राहिली तशी खोलीत अंधारून आलं. उंच, रुंद हाडाची, कपाळावर हिरवं गोंदण, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला आणि गालात तंबाखूचा बार.

"तूच का ती नवी नर्स?"

"हो."

"पोरं किती हायती तुला?"

"माझं लग्न नाही झालं अजून."

राहीबाईनं मागं वळून सोबतच्या बायकांकडं बघितलं. "बगा गं," ती म्हणाली, "कवा हिरीत उतरली न्हाई आन् पवायला शिकवाय आलीया."

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मी त्रिशला, सांगलीजवळच्या एका जैन शेतकऱ्याची मुलगी. नर्सिंग शिकून कुंडलच्या पुढं, उसाच्या पट्ट्यातल्या एका खेड्यात माझी पहिली नेमणूक झाली होती. राहीबाई त्या गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्माला आलेलं, त्यामुळं गावात तिला कुणाचीच भीड नव्हती. भरल्या ग्रामसभेत सरपंच नानासो बोलायला उभे राहिले की ही मागून म्हणायची, "खाली बस. पायाळू आलास तवाच मला कळलं हुतं, ह्यो सरळ चालायचा न्हाई."

सरकारनं सुईणींचं शिक्षण काढलं तेव्हा तीही जाऊन आली. तिथं मिळालेल्या ॲल्युमिनियमच्या पेटीत ती मशेरी आणि सुपारी ठेवायची, आणि आठवडी बाजारात त्याच पेटीवर बसायची. "सरकारनं बसाय दिलीया," असं सांगायची. पण नाळ कापायचं पातं आणि दोरा मात्र न चुकता उकळून घ्यायची, हे मला कबूल करायला हवं.

वर्षभर आम्ही भांडलो. मग एका बाळंतिणीची वार अडकली, तेव्हा दोघींनी मिळून तिला बैलगाडीतून कुंडलच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर राहीबाईनं त्या बाईचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि गाडीवानाला अशा शिव्या देत होती की बैलसुद्धा पळाले. ती बाई वाचली. परत येताना राहीबाई मला म्हणाली, "तुला कळतंय थोडं थोडं." त्या दिवसापासून आमचं जमलं.

शहात्तर साली प्राथमिक आरोग्य केंद्रात नवे डॉक्टर आले. त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येक गरोदर बाईचं रक्त घेऊन सांगलीला तपासायला पाठवायचं. आईच्या अंगात उपदंश असला तर तो पोटातल्या बाळाला लागतो. मूल पोटातच जातं, किंवा जन्मून जगत नाही, किंवा जन्मभराचं अधू होतं. आणि वेळेत कळलं तर पेनिसिलीनच्या इंजेक्शनांनी सगळं टळतं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, गावात नीट समजावून सांगा."

आता मी काय समजावणार? आमच्या घरी अशा गोष्टींचा उच्चारही नसे. एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' असं रंगवलेलं होतं, तर मी त्या बाजूनं छत्री धरून जायची, ऊन नसलं तरी. गावात मी एवढंच सांगितलं, की बाळासाठी रक्त तपासायचं आहे. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की नर्सबाई पोटुशी बायकांचं रक्त काढून शहरात विकते. आणि हे सांगण्यात राहीबाई सगळ्यात पुढं.

"पोटुशीच्या अंगात आधीच रगात कमी," ती पाणवठ्यावर म्हणायची, "आन् ही बाय सुई घिऊन बसलीया ढेकणावानी."

एकही बाई येईना.

मग एके दुपारी राहीबाई एकटीच आली. पेटी खाली ठेवून तीवर बसली.

"विजयमालेला दिवस गेलेत," ती म्हणाली.

विजयमाला म्हणजे हंबीररावांची सून. हंबीरराव बारमाही विहिरीचे बागायतदार. त्यांचा मुलगा नाथाजी फौजेतून परत येऊन आता ऊस बघत होता. विजयमालेचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. दुसरं मेलेलंच जन्मलं. तिसरं जन्मलं तेव्हा त्याच्या तळहातांची कातडी सोललेली, नाक सारखं चोंदलेलं. आठवडाभरही जगलं नाही. सासू मनुबाईनं अंगारे लावले, नवस केले, आणि सगळं करून झाल्यावर दोष सुनेला दिला. उरलेला राहीबाईला. तिन्ही बाळंतपणं तिनं केली होती. गावात कुजबुज होती, की राहीबाईचा हात आता वाईट झालाय.

"त्या रगतात काय दिसतंय गं?" तिनं विचारलं.

मी जमिनीकडं बघत सुरू केलं. "एक आजार असतो... म्हणजे पती-पत्नींच्या... त्या संबंधातून जो..."

"आगं, गरमी म्हन की सरळ!"

मी दार लोटून घेतलं.

"पर ती तसल्या बायांना हुती," राहीबाई म्हणाली. "विजयमाला तर मान वर करून बगत न्हाई. तिला कुठनं?"

"नवऱ्याकडून."

राहीबाई उठली, खिडकीतून बाहेर थुंकली आणि परत पेटीवर बसली. "म्हंजे पोरीला न इचारता आनून दिली म्हन की."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "तिला एकटीला बलावलीस तर गाव बोट दावंल. समद्या आल्या तर ती गर्दीत येईल. उद्या पयलं माझं काढ, समद्यांसमोर."

"अहो, तुम्ही कुठं गरोदर आहात?"

"सुई माझ्या हातात घालायची हाय. तुला काय करायचंय?"

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धं गाव उपकेंद्राच्या ओट्यापुढं गोळा केलं. स्वतः पाटावर बसली, हात पुढं केला आणि सुई लागायच्या आधीच असं ओरडली, की समोरच्या चिंचेवरचे कावळे उडाले. सुई लागली तेव्हा मात्र तिला कळलंच नाही. ती लोकांकडं बघून विचारत होती, "लय वंगाळ दिसतंय का वो?" मी नळी दाखवली तशी तिचं तोंड उतरलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग मी वरडले कशाला?"

बायका हसायला लागल्या, पण सुईला तयार एकही झाली नाही. सगळ्यांचं म्हणणं, आधी राहीबाईचं काय होतंय ते बघू. ती मरते का, वाळते का, यावर गावाचं बारीक लक्ष होतं. राहीबाई मरायची राहिली बाजूला, ती रोज माझ्या दारात. "माझं काय निगालं?" शेवटी सांगलीहून निकाल आला. मी सांगितलं, "चांगलं आहे, काही दोष नाही."

"म्हंजे पास?"

"हो, पास म्हणा हवं तर."

तेवढं पुरे झालं. शाळेचं तोंड न बघितलेली राहीबाई गावभर सांगत सुटली, की आपण सांगलीला पास झालो. तिथल्या मोठ्या डागदरानं म्हणे विचारलं, हे कुणाचं रगात, असलं झळझळीत रगात आमी बगितलं न्हाई. पाणवठ्यावर ती बोलायला लागली की शेवटी म्हणायची, "ज्यांची पास व्हायची खातरी न्हाई त्यांनी नगा जाऊ."

झालं! आठवड्यात ओट्यावर रांग लागली. गरोदर बायका आल्याच, पण नातवंडं झालेल्या म्हाताऱ्याही आल्या. सरपंच नानासोंची आत्या आली, कारण राहीबाई पास आणि आपण बिनपरीक्षेच्या, हे तिला सहन होईना. मी म्हातारीला हात जोडून परत पाठवलं तर ती म्हणाली, "वशिला लागतोय व्हय?" या गोंधळात पदर ओढून विजयमाला आली, रक्त देऊन गेली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, की विजयमालेच्या रक्तात उपदंश निघाला आहे. तिला आठवड्याच्या अंतरानं तीन इंजेक्शनं द्यायची, आणि नवऱ्यालाही. त्याला नाही दिली तर तिला पुन्हा लागणार.

राहीबाईला सांगणं भाग होतं. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. मी तिच्याकडून शपथ घेतली. तिनं ती पाळली, आणि पाळताना तिचे जे हाल झाले ते बघवत नव्हते. पाणवठ्यावर जाणं बंद. बाजार बंद. कुणी भेटलं की पदराचा बोळा तोंडाला लावून नुसती मान हलवायची. गावात अफवा उठली, की रक्त काढल्यामुळं राहीबाईची वाचा बसली. लोक भेटायला येऊ लागले आणि येताना केळी आणू लागले.

विजयमालेला मीच सांगितलं. या वेळी जमिनीकडं न बघता, आजाराचं नाव घेऊन. ती ऐकत राहिली. रडली नाही. फक्त एक विचारलं.

"म्हंजे माझ्यामुळं न्हाई?"

"नाही. अजिबात नाही."

"तिन्ही डाव न्हाई?"

"तिन्ही वेळा नाही."

तिनं हात पुढं केला. औषध सोसतंय का ते बघायला आधी कातडीखाली जरासं टोचलं, मग पहिलं इंजेक्शन दिलं. सुई मोठी होती. तिनं हूं का चूं केलं नाही.

आता राहिला नाथाजी, आणि खरी अडचण तीच होती. आणीबाणीचे दिवस. कुटुंबनियोजनाची, म्हणजे पुरुषांच्या नसबंदीची मोहीम जोरात होती. आरोग्य खात्याची जीप लांबून दिसली, की गावातले पुरुष उसात शिरायचे. चावडीत कुत्रंसुद्धा उरत नसे. अशा वेळी नाथाजीला निरोप गेला, की नर्सबाईनं दवाखान्यात बोलावलंय. तो काय समजायचं ते समजला आणि भाकरी घेऊन उसात राहायला गेला.

राहीबाई म्हणाली, "चल. आपुन हाकून काढू."

वैशाखातली सकाळ. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला. मला बांधावर उभी करून ती आत शिरली. मला दोघंही दिसत नव्हती, पण ऐकू सगळं येत होतं.

"नाथा, भाईर ये."

"न्हाई यायचा. तुमच्यासंगं ती नर्स हाय."

"ती बांधावर हाय. तिला पात कापती उसाची."

"आन् मला काय कापायला आलायसा? मला अजून एक पोर न्हाई, मावशे, आन् तुमी..."

"आरं, तुला कोन कापतंय? तुला गरमी झालीया!"

"व्हय तर. वैशाख हाय. समद्यांस्नीच हुतीया."

"ती गरमी न्हवं रं, भाड्या!"

उसात नुसती पात सळसळली.

"कोन म्हनलं?" नाथाजीचा आवाज एकदम खाली आला.

"तुझ्या बायकूचं रगात म्हनलं."

मग त्यानं सांगितलं. फौजेत असताना, लग्नाच्या आधी, एक फोड आला होता. दुखत नव्हता. आपोआप गेला. डॉक्टरला दाखवला असता तर पलटणीत नाव झालं असतं, म्हणून दाखवला नाही. "ती तर कवाच बरी झाली, मावशे. आईशपत."

"फोड बरा झाला. गरमी आत बसली. नाथा, तीन डाव मी तुझ्या घरातनं रिकाम्या हातानं उठले. गाव मला नावं ठेवतंय ती ठेवू दे. पर ती पोरगी मलाच म्हनती, मावशे, माझ्या पोटातच काय तरी वंगाळ हाय. तिला काय सांगू, तूच सांग."

मी बांधावर उभी होते. पलीकडच्या मोटेचा आवाज तेवढा येत होता.

"सुई कुठं मारनार?" नाथाजीनं विचारलं.

"ढुंगनावर."

"आन् दुसरं काय न्हाई?"

"तुझ्याकडं दुसरं काय हाय बगन्यासारखं?"

त्यानं अटी घातल्या. दवाखान्यात येणार नाही. जीप गावात यायची नाही. डॉक्टरनं एकट्यानं, चालत, मळ्यात यायचं. मला वाटलं डॉक्टर रागावतील, पण ते चांगले गृहस्थ. रणरणत्या उन्हात शेतं तुडवत, घामानं निथळत मळ्यावर आले. नाथाजी विहिरीच्या काठावर पळायच्या तयारीत उभा. हंबीरराव घोंगड्यावर बसलेले. मनुबाई मळ्यातल्या घराच्या दारात.

"पिशवी उलटी करा," नाथाजीनं पहाऱ्यावरच्या शिपायासारखं सांगितलं.

डॉक्टरांनी पिशवी उलटी केली. इंजेक्शनचा डबा, स्पिरिट, कापूस, जेवणाचा डबा, आणि पट्टी कापायची कात्री. कात्री बघताच नाथाजी विहिरीच्या पलीकडं गेला. कसा गेला ते आम्हाला कळलं नाही. राहीबाईनं पुढं होऊन कात्री उचलली आणि विहिरीत टाकली. बुडुक असा आवाज आला.

"अहो, सरकारी आहे ती!" डॉक्टर ओरडले.

"मग सरकारला सांगा, हिरीत हाय."

नाथाजी परत आला. डॉक्टरांनी टोचून तपासलं, वाट बघितली आणि घोंगड्यावर पालथं झोपवून इंजेक्शन दिलं. तो दात आवळून उठला, दोन पावलं चालला आणि सरळ आडवा झाला. डॉक्टर घाबरून नाडी बघायला धावले. नाडी ठीक होती, नुसती भोवळ होती. हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरगं फौजेत हुतं म्हनं," ते म्हणाले.

मनुबाईला मात्र राहवेना. "सुनंच्या बाळंतपनाला माझ्या ल्योकाला सुई कशापायी?"

मी गडबडले. राहीबाई नाही. "मनुबाई, ऊस लावताना बेनं औषधात बुडवून लावतायसा का न्हाई? नुसती जमीन चांगली असून भागतंय?"

"आमचं बेनं चांगलंच हाय. जमीनच नापीक निगाली."

विजयमाला तांब्या घेऊन नवऱ्याला पाणी द्यायला आली होती. ती तिथंच थांबली. नाथाजी अजून घोंगड्यावर पडलेला, चेहरा पांढरा. तो कोपरावर उठला.

"आई," तो म्हणाला, "बेनंच किडकं हुतं. जमिनीला नाव ठेवू नगंस."

मनुबाई दारातून आत निघून गेली. हंबीररावांनी मुलाकडं एकदा बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि उठून उगीच बैलांना वैरण टाकायला गेले. विजयमालेनं नवऱ्याला पाणी दिलं. अर्धं पाणी घोंगड्यावर सांडलं.

इंजेक्शनं पुरी होईपर्यंत राहीबाईनं नाथाजीला गोठ्यात झोपायचा हुकूम केला. रोज दिवेलागणीला ती त्याची हजेरी घ्यायची. "गडी हाय का बैलात?" असं बांधावरून ओरडायची, आणि आतून नाथाजी म्हणायचा, "हाय, मावशे." तो पुढच्या दोन्ही इंजेक्शनांना शहाण्यासारखा आला, पण येताना राहीबाईला पुढं घालूनच.

आश्विनात, भर दुपारी, विजयमाला बाळंत झाली. मी आणि राहीबाई दोघी होतो. मुलगी झाली. राहीबाईनं तिचे तळहात बघितले, तळपाय बघितले, कान लावून नाकाचा श्वास ऐकला. मुलगी एवढी ओरडत होती की गोठ्यात म्हैस उभी राहिली.

"वरड," राहीबाई तिला म्हणाली. "आजून वरड. गावाला ऐकू जाऊ दे." तिनं पोर माझ्या हातात दिली आणि चूल विझलीय का ते बघायला गेली. चूल चांगली पेटलेली होती.

मनुबाई आत आली. "पोरगीच का?" म्हणाली. राहीबाई चुलीपाशी सावकाश उठून उभी राहिली. मनुबाईनं तिच्याकडं बघितलं, बाळाकडं बघितलं, आणि पोर उचलून घेतली. संध्याकाळपर्यंत तिनं ती खाली ठेवली नाही. पाजायला देताना सुद्धा कुरकुरली.

बाळाचं रक्तही आम्ही तपासलं. त्याचा चांगला निकाल मी राहीबाईला हळूच सांगितला, कारण पुन्हा गावात परीक्षेचा हंगाम सुरू व्हायला नको होता.

दोन वर्षांनी सांगलीला सुईणींचा मेळावा होता. दालनात पुढारी बसलेले, अधिकारी बसलेले. कुणीतरी राहीबाईला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, माइककडं संशयानं बघितलं आणि म्हणाली, "पोटुशी बाईचं रगात तपासा. आन् त्यात गरमी निगाली तर बाईच्या मागं लागू नगा, नवऱ्याला धरा. हितं बसलेल्यांनीबी कवा तपासलं नसंल तर आज तपासून घ्या, नर्सबाई हितंच हाय." पहिल्या रांगेतले सगळे माझ्याकडं बघू लागले. अध्यक्षांनी घाईनं आभार मानले, चहाही वेळेआधीच आला.

पुढं माझी बदली वडूजला झाली. राहीबाईचा मुलगा जोतीराम साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात लागला, तसा तो आईला तिकडं घेऊन गेला. शहरात तिचा जीव रमेना. बाळंतपणं दवाखान्यात होत होती, तिला कुणी बोलावत नव्हतं. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "चल, तुला साताऱ्याचा बाजार दावते." आम्ही तिच्या नेहमीच्या रिक्षात बसलो. पोवई नाक्याच्या अलीकडं तिनं एकदम रिक्षावाल्याच्या पाठीत बोट खुपसलं.

"थांबीव!"

रिक्षावाल्यानं कचकन थांबवली. फुटपाथवरून एक भारदस्त बाई पिशवी घेऊन चालली होती. राहीबाईनं रिक्षातून अर्धं अंग बाहेर काढलं.

"कितवा महिना गं, बाय? रगात दिलंस का तपासाय? मालकांचं दिलंस का?"

त्या बाईनं आमच्याकडं असं बघितलं की मी रिक्षाच्या कोपऱ्यात सरकले.

"कसला महिना?" ती गरजली. "मला चार नातवंडं आहेत!"

रिक्षावाल्यानं मागं न बघता गिअर टाकला. "आजी," तो म्हणाला, "ह्या आठवड्यातली ही तिसरी."